थॉर्पांच्या घराचा कौल

एकुंदायो थॉर्पला सरकार पाऊस मोजण्याचा पगार देत असे. फ्रीटाउनच्या हवामान कार्यालयामागे कुंपण घातलेल्या हिरवळीच्या तुकड्यावर तांब्याचं एक नळकांडं उभं होतं. रोज सकाळी त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि दिसेल तो आकडा लिहायचा. या कामात पदरचं काही घालायला वाव नव्हता आणि एकुंदायोचा तसा स्वभावही नव्हता. नोकरीत त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, पण एकही आकडा त्यानं कधी मनाचा लिहिला नाही. उरलेला पाऊस त्याच्या घरात पडे. तो मोजायचा पगार कुणी देत नव्हतं.

घर विल्बरफोर्स नावाच्या टेकडीच्या उतारावर होतं. खाली दगडी खांब, वर फळ्यांच्या भिंती, झडपांच्या खिडक्या आणि पत्र्याचं छप्पर. आजोबांनी, म्हणजे नथॅनिएल थॉर्प यांनी, ते बांधलं तेव्हा गल्लीत त्याच्या तोडीचं फळ्यांचं घर दुसरं नव्हतं, असं अरबेला आत्या सांगे. आजही नव्हतं. बाकीची सगळी पाडून लोकांनी सिमेंटची बांधली होती.

घरात माणसं दोन, एकुंदायो आणि ही आत्या. एकुंदायोचं लग्न राहून गेलं होतं, आणि त्याचा दोष आत्या सरळ घराला देई.

"मुलीकडचे आले की आधी छताकडे बघायचे," ती म्हणे. "मग तुझ्याकडे. मग पुन्हा छताकडे. तुझ्याकडे बघून तरी कुणी उठून गेलं नाही हो."

डागडुजी पा सांतिगी नावाच्या सुताराकडे होती. हा हसतमुख माणूस. त्याच्या हत्यारांच्या पेटीत करवत, रंधा, हातोडी आणि 'तात्पुरतं' हा शब्द एवढं नेहमी असे. "साहेब, हा टेकू आपला तात्पुरता," असं म्हणून त्यानं लावलेले टेकू आता मूळच्या खांबांपेक्षा जास्त झाले होते. त्यांतल्या काहींना रंगसुद्धा देऊन झाला होता.

एकुंदायोच्या पगारातून महिन्याला एक काहीतरी निघे. एक पत्रा, नाहीतर एक फळी, नाहीतर खिडकीची एक झडप. पत्रा घेतला की वाळवीला महिना मोकळा मिळे, फळी घेतली की पावसाला. पत्रे असे एकेक करून बदलल्यामुळे छप्पर लांबून गोधडीसारखं दिसे. कुठला पत्रा कुठल्या पगारवाढीतला, हे एकुंदायो रस्त्यावरूनच सांगू शके. पगारवाढी बेताच्याच असल्यानं ते फारसं अवघड नव्हतं.

आदल्या वर्षी त्यानं पुढच्या पायऱ्या करून घेतल्या. त्या इतक्या भक्कम झाल्या की त्यांच्या ओढीनं कठडा सुटून आला.

"जुन्या घराचं हे असंच," पा सांतिगी म्हणाला. "एकाचे लाड केले की शेजारचा रुसतो."

"मग करायचं काय, पा?"

"सगळ्यांचे एकदम करायचे. त्याला पैसा लागतो, साहेब."

"आणि तो नसला तर?"

"तर मी आहे की!"

मार्च सरताना कोनोहून फोन आला. तिथल्या एका खाण कंपनीच्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी भरे, आणि ते किती भरणार हे आधी सांगणारा माणूस तिला हवा होता. पगार आत्ताच्या तिप्पट. राहायला दोन खोल्या, वर सिमेंटचा स्लॅब. मात्र पावसाळ्याआधी रुजू व्हायचं आणि तिथंच राहायचं. कोनो म्हणजे बसनं अख्खा दिवस, आणि तोही बस बंद पडली नाही तर.

एकुंदायोनं याचा पुष्कळ विचार केला. इथं राहिलं तर घर सावरायला माणूस होता, पैसा नव्हता. तिकडं गेलं तर पैसा होता, माणूस नव्हता. पा सांतिगीला नुसते पैसे पाठवून काम होईल, ही कल्पना त्यानं आणि आत्यानं दोघांनीही एकदाच मनात आणली आणि लगेच सोडून दिली. आत्याला बरोबर न्यावं म्हटलं, तर ती म्हणाली, "ने की. मला या घरातून काढायला सहा माणसं आण खांद्याला, आणि पुढं ब्रास बँड. त्याआधी नाही."

"सिमेंटचा स्लॅब आहे, आत्या. एक थेंब गळत नाही."

"थडग्यावरही असतो. ते तरी कुठं गळतं?"

कंपनीचा माणूस दर शुक्रवारी फोन करी. "काय ठरलं, मिस्टर थॉर्प?" "विचार चालू आहे." असे तीन-चार शुक्रवार गेल्यावर तो म्हणाला, "सोमवारी सांगा, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. पाऊस काही आमच्यासाठी थांबत नाही."

"नाही थांबत," एकुंदायोनं, आपलं तज्ज्ञ म्हणून मत मागितल्यासारखं, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे ताटात फुफू. तो कसाव्याच्या पिठाचा गोळा रश्शात बुडवता बुडवता आत्या म्हणाली, "तुझ्यानं हे ठरायचं नाही. उद्या थोरल्यांना विचारू."

"कोणत्या थोरल्यांना?"

"आपल्या. वर आहेत त्यांना. घर त्यांचंच आहे, आपण नुसते बादल्या ठेवणारे."

थॉर्पांकडे याची रीत ठरलेली होती. कोलाच्या झाडाच्या दोन बिया फोडायच्या, चार फाका करायच्या, पाणी शिंपून थोरल्यांना नावानिशी हाक मारायची आणि फाका जमिनीवर टाकायच्या. दोन उताण्या नि दोन पालथ्या पडल्या तर थोरल्यांचा होकार. दुसरं काही पडलं तर त्यांना काहीतरी खुपतंय, मग माफी मागून पुन्हा टाकायच्या. हे सगळं खरं तर परसात मातीवर व्हायचं. पण आत्याच्या गुडघ्यांनी मागच्या पायऱ्यांशी संबंध तोडले होते, म्हणून थोरल्यांनाच मागच्या व्हरांड्यात बोलावून घेण्यात आलं.

रविवारी चर्चहून आल्यावर आत्यानं हॅट न काढताच पाणी शिंपडलं. तेवढ्यात, रविवार म्हणजे साहेब घरी सापडायचा दिवस, हे ओळखून पा सांतिगी आला. त्याला साक्षीदार म्हणून स्टुलावर बसवण्यात आलं.

"बाबा," आत्या व्हरांड्याला उद्देशून म्हणाली, "तुमचा नातू कोनोला जाऊ म्हणतो. म्हणजे तो म्हणत नाही, त्याला काही म्हणताच येत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा."

आणि तिनं फाका टाकल्या.

व्हरांड्याची जमीन समुद्राच्या बाजूला कलली होती. चारही फाका हळूहळू चालू लागल्या आणि कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर जाऊन बसल्या.

"हे काय झालं?" एकुंदायोनं विचारलं.

"आपसात बोलतायत," आत्या म्हणाली. "बोलू दे."

पुरेसा वेळ बोलू दिल्यावर तिनं फाका गोळा केल्या, माफी मागितली आणि पुन्हा टाकल्या. या खेपेला दोन जागीच पालथ्या पडल्या. तिसरी थोडं चालून उताणी झाली. चौथी मात्र थांबायला तयार नव्हती. ती सगळा व्हरांडा ओलांडून गेली आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली नाहीशी झाली.

तिघंही फटीकडे बघत राहिले.

"ही फट मी गेल्या वर्षीच दाखवली होती," पा सांतिगी म्हणाला.

"दाखवायचे पैसे घेतोस की बुजवायचे?" आत्या म्हणाली. "दायो, दोन पालथ्या आणि एक उताणी. म्हणजे चौथीवर सगळं आलं. खाली जाऊन बघ."

"परत टाकूया ना, आत्या."

"बोलत्या माणसाला मधेच तोडून पुन्हा विचारायचं? तुझ्या आजोबांना ते जिवंतपणीही खपलं नाही."

"मम्मा, मी जातो," पा सांतिगी उठत म्हणाला. साहेबांचा पगार तिप्पट झाला तर कुणाच्या हाताला काम लागेल, हे त्याच्या कधीच ध्यानात आलं होतं.

"तू बस. तू बघितलंस तर उताणीच दिसेल."

"मम्मा! मी नमाजी माणूस, खोटं कशाला बोलू?"

"गुरुवारी येतो म्हणालास, त्यांतल्या कुठल्या गुरुवारी आलास, तेवढं सांग."

पा सांतिगी बसला.

एकुंदायो चर्चच्या पोशाखातच घराखाली शिरला. खाली वाकूनही जाता येत नव्हतं, रांगावं लागत होतं. अंडी घालायला बसलेल्या कोंबडीनं त्याच्याकडे नाराजीनं पाहिलं. मोबाइलच्या उजेडात पा सांतिगीचे तात्पुरते टेकू जंगलासारखे उभे होते. काठीवर काठी, काठीखाली वीट, विटेखाली आणखी एक छोटी वीट. आपण रोज रात्री कशाच्या भरवशावर झोपतो हे आजवर पाहिलं नव्हतं तेच बरं होतं, असं त्याला वाटलं.

कोपऱ्यातला मुख्य खांब तेवढा एका सपाट संगमरवरी दगडावर ठाम उभा होता. एकुंदायोनं या दगडाबद्दल ऐकलं होतं, पाहिला आज. आजोबांना कुणावर विसंबायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या थडग्याचा दगड हयातीतच कोरून घेतला. कोरणाऱ्यानं थॉर्पचं 'थ्रॉप' केलं. "मी थ्रॉप म्हणून मरणार नाही," असं म्हणून आजोबांनी तो नाकारला, दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला, आणि अखेर दगड घराखाली गेला.

चौथी फाक त्याच दगडावर होती. 'थ्रॉप'मधल्या एका अक्षराच्या खोल खाचेत ती रुतली होती. उताणी नाही, पालथी नाही. कडेवर ताठ उभी.

"दिसली का?" वरून आत्याचा आवाज आला.

"दिसली."

"मग?"

एकुंदायोनं सवयीनं गाल जमिनीला टेकला आणि डोळा फाकेच्या पातळीला आणला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. ती अर्ध्या केसानंही कुठं कललेली नव्हती. आजोबांनी आयुष्यभर जमवून ठेवलेला सगळा ताठा त्या उभं राहण्यात होता त्या उभं राहण्यात होती. तिच्यावर तिप्पट पगार, सिमेंटचा स्लॅब, आत्या आणि तिच्या हॅटवर गळणारं छप्पर. आणि हे सगळं जगात फक्त त्याला दिसत होतं. आपण अशा एकाही मापाजवळ आजवर पोहोचलो नव्हतो की ज्यात आपल्या बोलण्यानं आकडा बदलेल, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला कोनोला जायचं होतं. किती दिवसांपासून जायचं होतं, हेही त्याला तिथं, कोंबडीसमोर, नीट कळलं.

"दायो! मेलास का?"

"उताणी आहे," एकुंदायो म्हणाला.

त्या घरात चुकीच्या नोंदीवर काहीतरी उभं राहण्याची ही पहिली वेळ नव्हती.

वर आत्याची काठी फळीवर एकदा वाजली. "दोन नि दोन," ती म्हणाली. "हो म्हणतायत."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाला बुडापासून कॉलरपर्यंत लाल माती होती. आत्यानं त्याच्याकडे नको इतका वेळ पाहिलं.

"नक्की उताणी?"

"हो."

"बाबा दुसऱ्याच फटक्यात हो म्हणाले. मला साध्या जिंजर बिअरच्या दुसऱ्या पेल्याला कधी म्हणाले नाहीत. शर्ट बदल." मग ती पा सांतिगीकडे वळली. "सांतिगी, तुझा घरमालक तुला खोली सोडायला सांगतोय ना?"

"सांगतोय खरं, मम्मा. पण तुम्हाला कोण बोललं?"

"अख्खी गल्ली बोलते. बायकोला आणि सामानाला घेऊन इथं ये. पुढची खोली रिकामी आहे."

पा सांतिगीचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. पुढची खोली त्याच्या चांगल्या ओळखीची होती. तिथं वरचे पत्रे नव्हते म्हटलं तरी चाललं असतं.

"मम्मा, तिथं तर... पावसाळ्यात..."

"तात्पुरतं," आत्या गोड आवाजात म्हणाली.

एकुंदायो एप्रिलअखेर कोनोला गेला. सिमेंटचा स्लॅब खरंच गळत नव्हता. पहिल्या पावसाच्या रात्री त्या शांततेमुळे त्याला झोप लागेना. पहिल्या पगारातून त्यानं पत्र्यांचे पैसे पाठवले. जुलैत, पाऊस धो धो कोसळत असताना, आत्याचा फोन आला.

"पुढची खोली कोरडी ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"पाऊस नाही का तिकडं?"

"समुद्र कुठं संपतो नि रस्ता कुठं सुरू होतो कळत नाहीये. पहिल्याच रात्री तिसऱ्या प्रहराला सांतिगी कंदील घेऊन छपरावर. बायको खालून त्याच्या बापाचा उद्धार करतेय. दोन दिवसांत पत्रे बसले."

"वा! आणि बाकीच्या खोल्या?"

"तुझ्या खोलीत चार बादल्या. म्हणून काल त्यांची खाट तिकडं हलवली."

ऑगस्टात खाट जेवणघरात गेली. सप्टेंबरात आत्याच्या खोलीशेजारच्या बोळात. पा सांतिगीनं एकदा तक्रार केली की मम्मा, एवढं तर मी माझ्या आयुष्यात फिरलो नाही. तेव्हा आत्यानं त्याला आठवण करून दिली की तो भाडं देत नाही. पाऊस उघडला तोवर खाट घरभर फिरून मागच्या व्हरांड्यात पोहोचली होती. तिथं गळत नव्हतं, पण रात्रभरात नवरा-बायको दोघं समुद्राच्या बाजूला सरकत.

नाताळात एकुंदायो घरी आला. कठडा जागेवर होता. छप्पर एका रंगाचं होतं, आणि ते पाहून त्याला कुठली पगारवाढ कुठं गेली हेच समजेना. मागचा व्हरांडा पा सांतिगीनं स्वतः नेऊन दाखवला. त्यानं जमिनीवर एक संत्रं ठेवलं. संत्रं हललं नाही.

"कायमचं काम, साहेब," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून एकुंदायो पहिल्यांदाच ऐकत होता. "आता काही खाली जायचं नाही."

एकुंदायो फळ्यांवरून हात फिरवत राहिला. एकीला एक बसलेल्या, गुळगुळीत. त्याचा चेहरा बघून आत्या खुर्चीतून म्हणाली, "एवढं तोंड पाडू नकोस. एक फट मी मुद्दाम ठेवायला लावलीय. त्या कोपऱ्यात. अडीनडीला असावी."