गिऱ्हाईक नसताना बोलणारा डबा

आमच्या रेणापुरातल्या मल्लम्माच्या हाताला चव आहे आणि जिभेला धार. नवरा गेल्यावर ती शेतातल्या चुलीवरचा स्वयंपाक मोबाइलवर दाखवू लागली. लाखो लोकांनी पाहिलं. जाहिरातींचा पैसा व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीने खाल्ला. मग कुणा चोराने तिचाच व्हिडिओ स्वतःचा असल्याची तक्रार केली, तर कंपनीने बंद केलं हिचं खातं. दाद मागायला ना माणूस, ना दार.

भाची शिल्पाने तिला दुसऱ्याच एका समाजमाध्यमावर नेलं. त्याला एक मालक नाही. ठिकठिकाणची माणसं आपापला सर्व्हर चालवतात, आणि बघणाऱ्याने दिलेला पैसा थेट करणाऱ्याला मिळतो. "मधी कुणीच न्हाई, मावशी. तुझा क्यूआर कोड तेवढा टाक," म्हणून शिल्पा नांदेडला नोकरीवर परतली.

मल्लम्माने दिराच्या किराणा दुकानातल्या कोडचा फोटो काढून आपल्या खात्यावर लावला. दुकान सासऱ्यांनी घातलेलं, तेव्हा तिच्या लेखी कोडही घरचाच.

"लोक बघतेत, देत कुणीच न्हाई," असं ती मला सांगत राहिली. एका दुपारी गूळ आणायला गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी गल्ल्याजवळचा क्यूआर कोडचा डबा पैसे जमा झाल्याचं बोलला. थोड्या वेळाने पुन्हा बोलला. दीर, गुरुबसप्पा, मान खाली घालून शेंगदाणे निवडत होता.

"भाऊजी, हे कुणाचे?"

"घरचेच की, वहिनी."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"बाईमाणसाला पैसा कशाला? दोन टाइम जेवायला मिळतंय न्हवं?"

कंपनी निदान अनोळखी होती. हा तर तिच्या हातची भाकरी खात होता.

मल्लम्माने बँकेत जाऊन स्वतःचा कोड काढला, तर दिराने तिला शेतात यायचीच बंदी केली. त्या शेतात तिच्या नवऱ्याचा निम्मा वाटा. गावातली शहाणी माणसं म्हणाली, घरातलं घरात ठेवा. लुटणाऱ्याला हा सल्ला कुणी देत नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमची येळवस, शेतातच पूजा करून जेवायचा सण. त्या दिवशी शेतात आलेल्याला, वैरी असला तरी, जेवल्याशिवाय पाठवत नाहीत. कडब्याच्या कोपीभोवती सगळे जेवायला बसलेले असताना मल्लम्मा आली. गुरुबसप्पाला हात जोडावेच लागले. "या वहिनी, बसा."

तिने आंबिलाच्या मडक्याला फोन टेकवून लाइव्ह सुरू केलं आणि घास घेतला.

"बघा, ही आमच्या शेतातली भज्जी, येळवशीची मिसळ भाजी. चिंच न्हाई, बेसन कच्चं. करणारी हाकलली का असं हुतंय." कुणीतरी पदरात तोंड घालून हसलं. "आन तुम्ही आजवर मला पाठवलेलं समदं ह्या भाऊजींच्या दुकानात गेलं. आता खाली दिसतो तो कोड माझा."

"सणाला तमाशा नको, वहिनी."

"तमाशा कशाचा? वाढा अजून थोडी."

आणि त्याने वाढली. न वाढून जातो कुठे? तिचा फोन पैसे जमा झाल्याचं सांगत वाजू लागला, तसा तो हातातल्या पळीकडे बघत उभा राहिला.

निम्मं शेत अजून तिच्या नावावर नाही. ते होईपर्यंत मला कुणी शांत व्हायला सांगू नये.