अर्धा पेढा

कुत्र्याच्या निष्ठेपुढे माणसाची निष्ठा नेहमीच थिटी पडते. मुलुंडला प्राण्यांच्या दवाखान्यात बसलेल्या एका गृहस्थांना मात्र ते मान्य नसावं.

साठी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मांडीवर तेरा वर्षांचा पॉमेरेनियन. त्याच्या मूत्राशयातला खडा काढायचा होता. या वयात त्याला भूल झेपेल का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. गृहस्थ सारखे कुत्र्याच्या छातीवर तळवा ठेवत, आणि मग स्वतःच्या. शेजारी मी माझ्या डॅशहुंडला पाठीच्या इंजेक्शनसाठी घेऊन बसलो होतो. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

डॉक्टर बाहेर आले. "पोट रिकामं आहे ना, काका? नाहीतर भुलेत उलटी व्हायची आणि श्वासनलिकेत जायची."

"दोघांचंही रिकामं आहे. तो उपाशी, तर मी चहा कसा घेऊ?"

डॉक्टरांनी कुत्र्याचा जबडा उघडला. दाढेला काहीतरी पिवळं चिकटलं होतं.

"हे काय?"

"निघताना देवापुढचा अर्धा पेढा दिला. पण ते खाणं नव्हे हो, प्रसाद आहे."

"पोटाला ते कळत नाही ना, काका. आता संध्याकाळी करू."

मी गृहस्थांना चहा विचारला, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी मी मुद्दाम डोकावलो. खडा निघाला होता. कुत्रा शुद्धीवर येऊन शेपूट हलवत होता. गृहस्थ बाकावर आडवे होते आणि नर्स त्यांना चमच्याने लिंबूपाणी पाजत होती.

उपास त्यांनी एकट्यानेच पाळला होता.