झुंबरबाईचं दार

डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला झुंबरबाईचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं आणि दाराच्या जागी गोणपाट. घर उभं राहिलं तेव्हा नवरा, रामनाथ, म्हणाला होता, "बसवीन तर सागाचंच." साग काही मिळाला नाही, रामनाथ मात्र गेला.

तेव्हापासून ते दार बाईच्या मनात होतं. पितळी कडी, मधोमध कोरलेला सूर्य. मशीनवर ब्लाउज शिवता शिवता ती मनातल्या मनात त्याच्या बिजागरीत तेल सोडायची. शेजारचे कुशाबा रानात जाताना रोज हाळी देत, "वैनी, दार लोटलं का?"

"लोटलं की, भावजी!"

अख्ख्या आळीला हे वेड ठाऊक होतं आणि कुणी ते मोडलं नव्हतं. माणसं एवढी शहाणी असतात कधीकधी.

शिलाई मशीन हप्त्यांवर घेतलेलं. हप्ते फिटले, पण शेवटच्या सहांच्या पावत्या वसुलीवाल्यानं दिल्याच नाहीत. मग २००४ साली कंपनीचा माणूस कोर्टासारखा शिक्का मारलेला कागद घेऊन आला. म्हणाला, "थकलेल्या हप्त्यांचा दावा लावलेला. नोटीस दारावर चिकटवली, तुम्ही आला नाहीत. निकाल आमच्या बाजूनं लागला. मशीन उचलणार."

त्या मशीनवर बाईचं पोट होतं. कुशाबांची लेक अश्विनी पुण्यात वकिली शिकत होती, तिनं ग्राहक मंचात तक्रार लिहून दिली. वर बजावलं, "काकू, तिथं एवढंच सांगायचं. घराला दार नाही."

एवढंच! बाईनं ते आयुष्यात कधी तोंडातून काढलं नव्हतं.

मंचापुढे कंपनीच्या वकिलानं उचलली जीभ लावली टाळ्याला. नोटीस दारावर लावल्याचं त्यांच्या माणसानं शपथेवर लिहून दिलं होतं म्हणे. अध्यक्षांनी बाईकडे पाहिलं. "नोटीस होती का दारावर?"

बाईची जीभ रेटेना. डोळ्यांपुढे ती पितळी कडी लखलखत होती. कुशाबा मान खाली घालून बसले होते.

"दार न्हाई, सायेब," ती शेवटी म्हणाली. "माझ्या घराला दारच न्हाई. कंदीच नव्हतं."

अश्विनीनं घराचा फोटो पुढे ठेवला. शपथेचा कागद खोटा ठरला, दाव्याचा नंबरही कंपनीला सांगता येईना. पुढच्या तारखेला निकाल लागला. मशीन बाईचं राहिलं, वर भरपाईही. सगळे आनंदले. बाईला मात्र काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटत होतं.

एसटीतून उतरून ती घरी आली. गोणपाट बाजूला सारून आत गेली. गोणपाट नुसतं गोणपाटच होतं, आणि तिला रडू फुटलं.

कुशाबा वाटेवरच थांबले होते. सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस. त्यांनी घसा खाकरला.

"वैनी, दार लोटलं का?"



"लोटते, भावजी," आतून बाई डोळे पुसत म्हणाली. "लई कुरकुरतंय मेलं. तेल घालाया पायजे."