गाळलेलं वाक्य

अर्थपानाच्या संपादक बाईंच्या कात्रीचा सगळ्या वर्तमानपत्राला धाक होता. बावीस वर्षं त्यांनी बँकांचे अहवाल, कंपन्यांचे ताळेबंद आणि मंत्र्यांची भाषणं कापूनकुपून चार ओळींत बसवली. "वाचक काय तुमचा देणेकरी आहे, सगळं ऐकून घ्यायला?" असं त्या नवख्या वार्ताहरांना विचारत.

मग सरकारने त्यांना निवृत्तिवेतन कार्यालयात संचालक म्हणून बोलावलं. पगार कमी, खुर्ची डुगडुगती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, आता एखादी गोष्ट सुधारून दाखवू, असं बाईंच्या मनाने घेतलं.

पहिल्याच महिन्यात परिपत्रकाचा मसुदा त्यांच्या टेबलावर आला. निवृत्त माणसाने आपण हयात आहोत हे दरवर्षी येऊन दाखवायचं, एवढाच मजकूर. पण पानं दोन आणि एकेका वाक्यात चार 'तथापि'. बाईंचे हात शिवशिवले. त्यांनी त्याच्या पाच ओळी केल्या: तीस तारखेपर्यंत स्वतः येऊन सही करा, नाहीतर पेन्शन थांबेल.

हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, ऐंशीच्या पुढच्यांचं वाक्य राहिलं. त्यांच्या घरी आपला माणूस जातो."

"दरवर्षीचंच आहे ना? त्यांना माहीत असेल की."

"माहीत असतं. पण कागदावर दिसलं नाही की माणूस घाबरतो."

बाई नुसत्या हसल्या. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. हेडक्लार्कांनी सही करून परिपत्रक सगळ्यांना धाडलं.

सोमवारी रांग जिन्यावरून फाटकाबाहेर गेली होती. काठ्या, वॉकर, एक चाकाची खुर्ची. सही हेडक्लार्कांची होती, चूक त्यांच्या गळ्यात घालणं सोपं होतं. पण बाई स्वतः खाली उतरल्या आणि एकेकाला सांगू लागल्या, "ऐंशीच्या पुढचे असाल तर घरी जा. चूक माझी आहे. आमचा माणूस तुमच्याकडे येईल."

कोणी बोल लावला, कोणी कपाळाला हात लावला. फाटकाबाहेर त्यांची आई उभी होती. त्र्याऐंशीची, निवृत्त नर्स, दोन बस बदलून आलेली.

"आई, तू कशाला आलीस? तुझ्याकडे माणूस येतो ना घरी?"

"येतो. पण या वेळी तसं कागदावर नव्हतं, आणि तूच लिहिलंयस म्हणालीस ना फोनवर? मग आणखी कोणाला विचारायचं? या चौघींनाही म्हटलं, माझी लेक उगाच लिहायची नाही, चला."

आईच्या मागे उभ्या असलेल्या चौघी म्हाताऱ्या कौतुकाने बाईंकडे बघत होत्या. त्यांना खरं काय ते सांगताना बाईंना रडू आवरेना.