समुद्र वाचवायला निघालो आणि वाडीचं पाणी सोडून बसलो

यंदा जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर सर्फिंग शिकायला रत्नागिरीला जाणारी बाई म्हणून पुण्यात माझी टिंगल आधीच भरपूर झाली आहे. त्यात आमचा सर्फिंगवाल्यांचा गट तिथल्या मांडवीचा किनारा साफ करतो, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा मीही त्यात असते. रविवारी किनारा लख्ख करायचा आणि पुढच्या रविवारी तिथेच, तसाच कचरा. निव्वळ पालथ्या घड्यावर पाणी. "आठ-नऊ तास एसटीत हाडं खिळखिळी करून लोकांचा कचरा उचलायला जातेस," असं नवरा म्हणतो. खोटं म्हणत नाही, त्यामुळे जास्त राग येतो.

तर फेब्रुवारीत मंदारचा फोन आला. मंदार मांडवीचाच. वडील जहाजावर होते, हा लाटांवर असतो. मला फळीवर उभं राहायला त्यानेच शिकवलं. गटाचं सगळं तोच बघतो.

"ताई, किनाऱ्यावर वेचून काय होत नाय. नदी आणतेय ते सगळं. आपण आता वर जाऊया."

"वर म्हणजे?"

"साखरप्याच्या बाजूला. काजळी नदीला जे वहाळ, ओढे मिळतात ना, तिथे. एका गावातल्या गुरुजींशी बोललोय मी. ये गो, माणसं कमी आहेत."

माणसं कमी आहेत म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना आजार.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून गाडी पकडली. बायकांना निम्मं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात होतो, पण पाठीला सवलत नाही. मलकापूरनंतर रस्त्याचं काम चालू होतं आणि आंबा घाटात लाल धुळीने खिडकीबाहेरचं काही दिसेना. घाट उतरून साखरपा आलं. उद्या जिथे यायचं होतं, त्याच ठिकाणाहून बस मला पुढे तासदीड तास घेऊन गेली, कारण मुक्काम, हातमोजे, फावडी, टेम्पो, सगळं मांडवीला. सरळ तिथेच उतरून झोपावं असं वाटलं. मांडवीला एका घरगुती खोलीत उतरले. हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते, आणि सांगून ठेवलं तर तळलेला बांगडा आणि सोलकढीही. खिडकीतून समुद्र दिसतो. मी तो पाहिला नाही, झोपले.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. आम्ही दहा जण. काही मोटरसायकलवर, बाकीचे कचरा आणायला घेतलेल्या छोट्या टेम्पोत. एवढी घाई कशाला, तर त्या दिवशी दुपारी चांगल्या लाटा येणार होत्या. सर्फिंग करणाऱ्यांचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं. लग्न असो, परीक्षा असो, आधी भरती बघायची. मंदारने हिशोब केला होता: सात ते अकरा सफाई, दोनपर्यंत मांडवी, मग पाण्यात. गुरुजी नऊला येणार होते. "तोवर आपण सुरू करू, त्यांना काय दाखवायला तरी होईल," असं ठरलं. पालीला थांबून गरम वडापाव आणि चहा घेतला. त्या चहाने मला माणसात आणलं.

वाडीचं नाव देत नाही. ते का, ते पुढे कळेलच. हमरस्ता सोडून आत गेलं की दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, मग उतार, आणि खाली वहाळ. झाडांच्या सावलीत गार, शांत. आणि त्या शांततेत बाटल्या, वेफर्सची पाकिटं, डायपर, एक अख्खी बादली. सगळं वहाळाच्या एका अरुंद जागी येऊन तुंबलेलं. तिथे पाणी अडून चांगलं मोठं डबकं झालं होतं आणि त्याच्या तोंडाशी पालापाचोळ्यात, चिखलात रुतलेल्या सिमेंटच्या पांढऱ्या गोण्या. काही फाटलेल्या, त्यांच्यातून धागे लोंबत होते.

मंदार त्या गोण्यांकडे बघतच राहिला. त्याचं कारण सांगायला हवं. मांडवीच्या काळ्या वाळूत हे पांढरे धागे आम्हाला वर्षभर सापडतात. पायाला गुंडाळतात, जाळ्यात अडकतात, फळीच्या खालच्या पात्याला असे घट्ट बसतात की सुरीने कापावे लागतात. मंदार त्यांच्यावर खार खाऊन आहे. बाटली वेचता येते, धागा कसा वेचणार?

"हेच ते," तो म्हणाला. "ताई, हेच धागे! इथून येतात!" त्याच्या आवाजात राग होता आणि आनंदही होता. तीन वर्षं ज्याला शोधत होता तो चोर हाती लागला होता.

"कचऱ्याचं धरण झालंय बघा," गटातलं कोणीतरी हसून म्हणालं. आम्ही सगळेच हसलो आणि कामाला लागलो.

खांदे आमचे मजबूत, ते कशाला तरी कामी यावेत. दोघंदोघं मिळून एकेक गोणी उपसत होतो. चिखलाने जड झालेल्या, बुडाशी तर एकात एक बसवल्यासारख्या. बसवल्यासारख्या! हे तेव्हा मला जाणवलं होतं. कोणी इतक्या नीट कशा टाकल्या असतील, असं मनात आलं आणि गेलं. तळातली एक गोणी निघाली आणि पाण्याने वाट फोडली. गढूळ लोंढा आमच्या गुडघ्यांना धडकून खाली धावला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मोबाइल काढून चित्रीकरण केलं: "नदी मोकळी झाली!"

डबकं बघता बघता रिकामं झालं. तळाशी चिखल आणि त्यात चार मासे तडफडत राहिले.

तेवढ्यात वरच्या पायवाटेवरून दोन बायका आल्या, डोक्यावर धुण्याची घमेली. पुढची जागच्या जागी थांबली. तिने घमेलं हळूच खाली ठेवलं.

"ह्या काय चाललाय?"

"कचरा काढतोय, वहिनी," मंदार उत्साहाने म्हणाला.

"कचरा? अरे बंधारा हाय तो आमचा! कोनी सांगितलंन तुमाला हात लावायला?"

ती उताराने खाली आली आणि रिकाम्या चिखलात उभी राहिली. तिचं नाव सुलोचना, वाडी तिला सुलूवहिनी म्हणते. पाऊस संपला की वहाळाचं पाणी आटायच्या आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि पाणी अडवायचं. त्याने काठावरच्या विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी राहतं. कोकणात गावोगाव असे बंधारे घालतात, मी स्वतः त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. फक्त डोळ्यांसमोर आला तेव्हा ओळखला नाही. आम्हाला प्लॅस्टिक दिसलं की हात शिवशिवतात.

"वाडीत मानसा कितीशी हायत? बापये समदे मुंबईला," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "आमी बायकांनी बांदला हा. माती वाहून वाहून मान मोडली. मे म्हयन्यात माज्या पोराचा लगीन हाय. पन्नास मानसा येतील घरात. विहीर आटली तर काय टँकरच्या पान्याव लगीन लावू?"

मंदारच्या हातात धाग्यांचा गुंता होता. त्याने तो पुढे केला. "वहिनी, चुकलं आमचं. पण हे बघा. पावसात तुमच्या गोण्या फाटतात नि हे सगळं आमच्या इथे समुद्रात येतं. मासे खातात हे."

"मंग कशानं बांदू? दगडाचा बांदायचा तर बापये लागतात. तू येतोस दगड उचलायला?"

खरं सांगायचं तर दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचं खरं असलं की भांडण मिटत नाही, नुसतं दमवतं.

गुरुजी नऊला आले. स्कूटर लावून खाली बघितलं आणि डोक्याला हात लावला. "अहो, मी येईपर्यंत थांबायचं ना! बंधाऱ्यात अडकलेल्या बाटल्या काढा म्हणून तर बोलावलं होतं तुम्हाला." मग म्हणाले, "आता बांधायला घ्या. अजून धार चालू आहे. आठ दिवसांनी तेवढीही राहायची नाही."

मग आम्ही बांधायला घेतला. लाटा गेल्या खड्ड्यात. काढलेल्या गोण्यांपैकी अर्ध्या उपसताना फाटल्या होत्या. दुसऱ्या आणायच्या कुठून? शेवटी मंदार टेम्पोकडे गेला आणि कचरा भरायला आणलेल्या आमच्या नव्याकोऱ्या पिशव्या घेऊन आला, जाड प्लॅस्टिकच्या. नदीतून प्लॅस्टिक काढायला आणलेल्या पिशव्या माती भरून आम्ही नदीतच रचल्या. त्यावर कोणी विनोदसुद्धा केला नाही, इतके थकलो होतो.

माझी जोडी सुलूवहिनीशी लागली. ती तोंड धरायची, मी फावड्याने माती घालायचे, मग ती सुतळीने शिवायची. उन्हं डोक्यावर आल्यावर तिने विचारलं, "तुमी समुद्रात काय करता? फळीवर हुबं ऱ्हाता?"

"हो."

"आनि मंग?"

"मग पडते."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "त्याच्यासाठी पुन्यावरना येता?"

"हो."

"बरा," ती म्हणाली आणि सुतळी दातांनी तोडली. ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, पण तिने ते आवरलं.

दुपारी तिने कोरा चहा आणला. जेवायला कोणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. उरलेले वडापाव आम्ही गार खाल्ले. उन्हं उतरता उतरता शेवटची पिशवी बसली. पाणी जेमतेम घोट्याइतकं चढलं होतं. सकाळी ते मांडीएवढं होतं.

निघताना मंदार वहिनीसमोर उभा राहिला. "पावसाच्या आधी गोण्या काढल्या तर त्या वाहून येणार नाहीत. सुकवून पुढच्या वर्षी परत वापरता येतील. आम्ही येऊ काढायला."

"म्हायत हाय मला ता," वहिनी म्हणाली. "पन काढायला मानूस कुठं हाय? चाकरमानी लगीन खाऊन गाडीत बसनार. आनि तुमी येताव म्हनता... बगू."

त्या 'बगू'त काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. मी तिला माझा फोन नंबर दिला. तिने तो मोबाइलमध्ये घेतला, नाव काय लिहिलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

रविवारी लाटा सुंदर होत्या. मी पाण्यात गेले नाही. हात खांद्याच्या वर जात नव्हते. वाळूत बसून राहिले. शेजारी मंदार, तोही कोरडाच. पायाजवळ एक पांढरा धागा वाळूतून डोकं काढून होता. मी ओढला, तो बराच लांब निघाला. मंदार म्हणाला, "टाक पिशवीत," आणि परत समुद्राकडे बघायला लागला. तो हताश झालेला मी पहिल्यांदा बघत होते आणि मला फार वाईट वाटलं.

तुम्हालाही असं काही करायला जायचं असेल तर अवश्य जा. जाड हातमोजे न्या, पालीला चहा घ्या, आंबा घाटाला एक तास जादा धरा. आणि गावातलं कोणी येईपर्यंत गवताच्या काडीलाही हात लावू नका. भरती रोज येते.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "झाला का समुद्र साफ?" मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, पाठीला तेल लावून दिलं. पुढे मार्च-एप्रिल नेहमीसारखे गेले. पण कधी नळ सोडला की मला ती विहीर आठवायची. लग्नाला पाणी पुरेल का, हा विचार एखाद्या जवळच्या घरच्या लग्नासारखा डोक्यात राहिला. मंदारकडून गुरुजींचा नंबर घेऊन फोन करावा असं अनेकदा वाटलं. काय तोंडाने करणार?

मे संपता संपता एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे भांडी वाजत होती.

"पुन्याच्या ताई ना? मी सुलू बोलते. लगीन झाला."

"आणि पाणी?"

"शेवटचे दोन दिस टँकर सांगायला लागला," ती म्हणाली. त्या दोन दिवसांचं पाणी कुठे गेलं होतं, ते दोघींना माहीत होतं. "ऱ्हाऊदे. बाकीचा सगळा विहिरीवर झाला. आता ढग यायला लागलेत. गोन्या काढायच्या हायत. त्या मांडवीवाल्याला घेऊन येताव ना?"

लग्नाचं आमंत्रण आलं नव्हतं, कामाचं आलं. मी लगेच हो म्हणून टाकलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "किती माणसं लागतील?" त्याने विचारलं.

स्वारगेटहून दोन तिकिटं काढली आहेत. माझं निम्मं, त्याचं पूर्ण.