चौदा जणी आणि अक्का

अक्काचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा बसच्या पहिल्या पायरीवर असायचा. शाळा सुटून राजूरच्या स्टँडवर आमची निळी बस लागली, की शेवटची मुलगी आत चढेपर्यंत ती अशीच उभी. ड्रायव्हर मामा इंजिन सुरू करायचे, हॉर्न मारायचे, गाडी पुढे घेतल्यासारखं करून धाक दाखवायचे, पण तो पाय काही हलायचा नाही. "न्या मामा गाडी. पाय तुटला तर दवाखान्यात बी तुमालाच न्यावं लागंल," असं ती शांतपणे सांगायची. मामा कपाळावर हात मारायचे आणि इंजिन बंद करायचे. तिचं नाव त्यांनी कंट्रोलर ठेवलं होतं. आमच्यासाठी ती अक्का.

तेव्हा ती दहावीत होती आणि मी आठवीत. दोघी एकाच गावच्या, बसचा शेवटचा थांबा आमचा. वाटेवरच्या चार गावांत मिळून आम्ही चौदा जणी हायस्कूलला यायचो, पंधरावी अक्का. ती बस खास मुलींची होती. घरच्यांनी आम्हाला शाळेत पाठवलं ते शाळेच्या भरवशावर कमी आणि त्या बसच्या भरवशावर जास्त. माझ्या वडिलांनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्या दिवशी बस चुकली, त्या दिवशी शाळा बंद." ते उगाच बोलत नव्हते. माझ्या चुलत बहिणीची शाळा अशीच एका चुकलेल्या बसपायी सुटली होती, आणि तिचं दप्तर आमच्या घरात अजून खुंटीला होतं.

म्हणून अक्का मोजायची. धुळीपायी आम्ही सगळ्याच ओढणीने तोंडं बांधायचो, नुसते डोळे उघडे. अशा वेळी कोण कुठली हे सख्ख्या आईलाही कळणार नाही. अक्का तोंडाकडे बघायचीच नाही. "तोंडं बांधली की समद्या सारख्याच. चपला न्हाई सारख्या," ती म्हणायची. पायरीवरून चढणारे पाय बघून ती मोजायची. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि मी तो लाल दोऱ्याने बांधला होता. तो दोरा दिसला की ती "लाल दोरा, नऊ" असं काहीतरी म्हणायची आणि मी आत पळायचे. चौदा झाल्या की स्वतः चढायची आणि दाराला थाप मारायची.

स्वतःला मात्र ती कधी मोजायची नाही. मी एकदा विचारलं, "अक्का, पंधरा का म्हणत न्हाईस?"

"मी तर हायच की," ती म्हणाली, जणू मी फारच येडपट काहीतरी विचारलं होतं.

चतुर्थीला तिची खरी परीक्षा असायची. राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं दिसेल त्या बसमध्ये घुसायची. पोरं, पिशव्या, नारळ, सगळं घेऊन. अक्का दारात आडवी. एकदा एक धिप्पाड गृहस्थ तिला म्हणाले, "पोरी, देवाला आल्तो आमी, बाजूला हो." अक्का म्हणाली, "काका, देव तुमाला पावला आसंल तर दुसरी बस बी धाडंल. ही पोरींची हाय." सगळा स्टँड हसला. गृहस्थही हसले आणि वर तिच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवून गेले. तो पेढा तिने पंधरा जणींत कसा वाटला ते विचारू नका. माझ्या वाट्याला वासच आला.

बस सुरू झाली की तिचा अभ्यास सुरू. दारालगतच्या सीटवर बसून ती मोठ्याने पाठ करायची. त्यामुळे आम्हा आठवीच्या मुलींना दहावीच्या विज्ञानाच्या व्याख्या तोंडपाठ झाल्या होत्या, अर्थ कळो न कळो. सकाळचे जादा तास, सराव परीक्षा, बोर्डाचं केंद्र कुठे येणार याची धाकधूक, हे सगळं आम्ही तिच्याबरोबर दोन वर्षं आधीच भोगलं. एखादी व्याख्या अडली की मागच्या सीटवरून कोणीतरी आठवीची पोर ती पूर्ण करायची. अक्का मान वळवून बघायची आणि म्हणायची, "बराबर. आता तूच दे माझा पेपर."

मग फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ आला. अक्का आईची आंब्याच्या रंगाची साडी नेसून आली होती. नववीने समोसे आणि गुलाबजाम ठेवले होते. दहावीने शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकेक जण मनोगताला उठायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि रडायचा. अक्काची पाळी आली. ती माईकसमोर उभी राहिली, नव्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, जल्दी आटपा. सव्वापाचला बस हाय." हेडमास्तरांसकट सगळे हसले. मला मात्र रडू आलं. उद्यापासून अक्काला अभ्यासाची सुट्टी लागणार होती, आणि आम्हाला कोण मोजणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

समारंभ संपला तेव्हा मी एक उद्योग केला. दहावीच्या वर्गातल्या फळ्यावर सगळे आपापली नावं लिहून जातात असं ऐकलं होतं. आठवीला तिथे जायची परवानगी नव्हती, म्हणून वर्ग रिकामा झाल्यावर मी हळूच शिरले. फळा गच्च भरला होता. बदाम, चांदण्या, टोपणनावं. मी अक्काचं नाव शोधलं, वरून खाली, खालून वर. ते कुठेच नव्हतं. मग मी खडू उचलला, कोपऱ्यात जागा केली आणि चांगल्या ठळक अक्षरात तिचं नाव लिहिलं. एक वेळांटी वाकडी आली म्हणून पुसून परत लिहिलं.

धावत स्टँडवर पोचले तर बस गेली होती.

मी बस उभी राहते त्याच जागेवर उभी राहिले. खुंटीवरचं ते दप्तर डोळ्यांसमोरून हलेना. आता तिथे दुसरी खुंटी ठोकावी लागणार, एवढंच मला कळत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग रस्त्याच्या कडेने आंब्याचा रंग येताना दिसला. पदर कमरेला खोचलेला, चपला हातात, अक्का तरातरा चालत येत होती. पहिल्या गावापासून तीन किलोमीटर.

मैत्रिणींनी आज तिला दारात उभं राहूच दिलं नव्हतं. आज तुझा दिवस आहे, म्हणून ओढून सीटवर बसवलं. तिने बसल्या जागेवरून बांधलेली डोकी मोजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला धरलं. "मला धरून चौदा झाल्या ना गं," ती धापा टाकत म्हणाली. "पहिल्या गावाला तिघी उतरल्या, तवा पाय बघितले. लाल दोरा दिसंना." मामा बस वळवायला तयार होते. हिनेच नको म्हटलं. उरलेल्या दहा जणींना उशीर झाला असता, आणि दहा घरांत दहा बाप होते.

"तू कुटं गेल्ती?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मला वाटलं आता एक बसणार. तिने फक्त माझी ओढणी नीट बांधली आणि म्हणाली, "येडी."

सहाची साधी बस आम्हाला फाट्यावर सोडून गेली. तिथून दोन किलोमीटर पायी. गावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते आणि वडील ओट्यावर बसून होते. मी तिच्यामागे लपले. वडील माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापून शाळा बंद."

"काका, हिची काय चूक न्हाई. मोजणी माझी चुकली," अक्का म्हणाली. "बंद करायची तर माझी शाळा करा."

"तुझी तर आजच संपली."

"मंग शिक्षा कुनाला देऊन राह्यले तुमी?"

अक्काने लगेच मला हाताला धरून पुढे ओढलं. "उद्यापून पोरी ही मोजंल. मोजणारी शेवटी चढती काका. ती चढल्याबिगर बस हालतच न्हाई. हिची बस चुकंल कशी?"

आत आईच्या हातातलं भांडं वाजलं. वडिलांनी मान वळवून आत बघितलं. मग म्हणाले, "चहा घिऊन जा, पोरी."

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर पाय ठेवला. मामा म्हणाले, "आली का नवीन कंट्रोलर?" दोन वर्षं मी मोजलं. माझ्या निरोपाच्या दिवशी दारातच उभी राहिले, कोणी कितीही ओढलं तरी.

त्या संध्याकाळी उशीर अक्कालाही झाला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या ओट्यावरचा चहा पिऊन ती एकटी घरी गेली. तिच्या वडिलांना समजवायला तिच्यासोबत कोणीच नव्हतं. दहावीला तिला फर्स्ट क्लास मिळाला. अकरावीचं कॉलेज लांब, तिथे मुलींची बस नाही, आणि हिने एकदा घरी यायला अंधार केलाच आहे, असं म्हणून तिला घरी बसवलं. हे मला फार पुढे कळलं. मी आणि आई त्या दिवशी तिच्या घरापर्यंत गेलो असतो तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. पण आम्ही गेलो नाही, आणि ते मला आजही लागतं. अक्काने सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी केली, तीही लग्न झाल्यावर, एक मूल कडेवर असताना.

मी आता जालन्याला नोकरी करते. मागच्या महिन्यात एका सकाळी ऑफिसच्या कामाने अंबडला उतरले. स्टँडवर बस लागली होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता, आणि दाराशी मला एक पाय दिसला. पायरीवर ठेवलेला. बचत गटातल्या बाया जालन्याला प्रशिक्षणाला निघाल्या होत्या आणि अध्यक्षीणबाई खाली बघून मोजत होत्या. केस थोडे पिकलेले, चष्मा लागलेला. नजर मात्र चपलांवरच.

"अकरा," ती म्हणाली. "झाल्या समद्या."

मी मागून म्हणाले, "बारा."

ती वळली. आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग तोंडाकडे. ओळखायला तिला एक क्षणच लागला. "बारावी कोन गं?"

"तू."

तिने हसून माझ्या गालावर हात ठेवला. "मला कशाला मोजून राह्यलीस? मी तर हायच की."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न मारला. अक्का चढली आणि तिने दाराला थाप मारली. मला बोलायचं बरंच होतं, ते राहून गेलं. मी खाली उभी राहून खिडक्यांमधून बाया मोजायला लागले. पहिली तीच धरली. मग बाकीच्या अकरा.