वाडीआत्याच्या चपला

वाडीआत्या दिसायच्या आधी ऐकू यायची. चौलच्या आमच्या वाडीत सुपारीच्या झाडांमागून तिच्या चपलांचा फटक-फटक आवाज आला, की आम्ही भावंडं चोरून पाडलेल्या कैऱ्या लपवायचो. शाळेतून निवृत्त झाली, तरी तिचा दरारा मास्तरणीचाच राहिला.

मग तो आवाज बिघडला. एका सकाळी वाडीला पाणी सोडलेलं असताना सुपाऱ्या सोलायला येणारी कमळी ओरडली, "आत्ये, तुमची चप्पल पाटातून चाललीय!" आत्याने खाली पाहिलं. एक पाय अनवाणी, आणि तिला पत्ताच नाही! पुढे हातातून वाटी निसटू लागली. जमिनीवर बसली, की उठवायला दोघं लागायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीराची रोगांशी लढणारी फौज स्वतःच्याच नसांवर उलटली आहे. उपाय इम्युनोग्लोब्युलिनचा. असंख्य रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेलं ते औषध दर महिन्याला सलाइनसारखं शिरेतून घ्यायचं. काही खेपांनंतर आत्या आपली आपण उठून उभी राहिली. मला तो चमत्कार वाटला, अजूनही वाटतो.

वाडी सांभाळणाऱ्या देवाला, आमच्या राखणदाराला, आम्ही दरवर्षी नारळ देतो. त्या वर्षापासून आत्या दोन ठेवू लागली.

"आत्या, दुसरा कोणाला?"

"ज्यांनी रक्त दिलं त्यांना. नावं ठाऊक नाहीत रे, पण राखण तर तेही करतायत ना!"

बरीच वर्षं अशी सुखाची गेली. औषध अजून लागतंय का, हे बघायला डॉक्टरांनी दोन खेपांमधलं अंतर वाढवलं. "सुटले एकदाची!" म्हणत आत्या खूश झाली. पण हळूहळू फटक-फटक अडखळू लागलं, आणि एक दिवस तिच्या मागे राहिलेली चप्पल मीच उचलून आणली. कधी कोणाला न घाबरणाऱ्या त्या बाईने माझा हात धरला. "ह्या वेळी पाय परत नाही आले तर रे?"

आले. औषध पूर्वीसारखं सुरू झालं आणि पाय परत आले. त्यानंतर तिने एकही खेप चुकवली नाही. "मी बरी झालेली नाही, मला लोक चालवतायत," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची.

गेल्या वर्षी आत्या हृदयविकाराने गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत वाडीत फिरत होती. आवरताना तिच्या चपला हाती आल्या. अंगठ्याखाली झिजून खोल खळगा पडला होता. मी त्यात बोट ठेवून कितीतरी वेळ बसलो, आणि रडलो.

यंदा राखणदारापुढे दोन नारळ मी ठेवले. थेट रक्तदानाच्या शिबिरातून आलो होतो. हातावरची पट्टी अजून काढली नव्हती.